झाकणावर भात वाळवत नाहीत

आमचं घर रस्त्यावरून बघणाऱ्याला दुमजली दिसतं आणि मागच्या उतारावरून बघणाऱ्याला तीनमजली. मधला फरक म्हणजे तळघर. लोणावळ्यात उतारावर घर बांधलं की तळघर आपोआप मिळतं, मागावं लागत नाही. बांधताना आमच्या ह्यांच्या, म्हणजे निलेशच्या, मनात होतं की वरच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या आणि खाली त्यांच्या ड्रायव्हरांची सोय करायची. म्हणून तळघरात संडास-बाथरूमही काढलं. पण हल्ली पाहुणे स्वतःच गाडी चालवत येतात आणि वाट चुकली की फोनवर आमच्यावरच चिडतात. ड्रायव्हर काही आले नाहीत. तळघर रिकामं राहिलं, आणि रिकामी जागा माझ्या सासूबाईंच्या नजरेतून सुटत नाही.

सासूबाई म्हणजे सरुबाई. माहेर नाणे मावळातलं, सासरही तिथलंच, सगळी हयात भाताच्या खाचरात गेली. सासरे महिपती गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा कपड्यांची एक पिशवी होती आणि मागून टेंपोत भाताची पोती. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या आसपास त्यांच्या खाचरातलं इंद्रायणीचं भात यायचं आणि तळघरात थप्पीला लागायचं. लागेल तसं गिरणीवर नेऊन भरडून आणायचं. गेल्या वर्षी दिरांमध्ये वाटणी झाली आणि आमच्या वाट्याचं खाचर विकलं गेलं. तिथं आता बंगले होतायत. तेव्हा गेल्या दिवाळीला जी पोती आली ती शेवटची. त्यातल्या एका पोत्यालाही सासूबाईंनी मला हात लावू दिला नाही. आम्ही दुकानातला तांदूळ खायचा आणि हे भात सृष्टीच्या लग्नाला राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. सृष्टी म्हणजे आमची मुलगी. ती तळेगावला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि लग्नाचा विषय निघाला की तिला हमखास कुणाचा तरी फोन येतो. पण आजीला त्याचं काही नव्हतं. नवरा कुठूनही येवो, पंगतीतला भात आपल्या खाचरातला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांचे दोन नियम होते. एक असा की धान्य आहे त्या जागी पायात घालून जायचं नाही. तळघराच्या वरच्या पायरीवर चप्पल काढायची आणि अनवाणी खाली उतरायचं. पाहुणा असो नाहीतर गॅसवाला, त्यांनी कुणालाच सोडलं नाही. दुसरा नियम वाळवणाचा. उन्हाळ्यात त्या पोत्यांतलं भात अंगणात पसरून ऊन दाखवायच्या. सगळ्या अंगणभर भात, आणि जास्वंदीजवळ मात्र परातीएवढी जागा मोकळी. मला वाटायचं चिमण्यांना बसायला ठेवत असतील. विचारलं मात्र कधी नाही. म्हातारी माणसं बऱ्याच गोष्टी करतात, सगळ्याच विचारत बसलं तर संसार कधी करायचा.

तो आषाढातला रविवार होता. पाऊस बरेच दिवस बसून होता, इथं बसतो तसा, ऊठ म्हटलं तरी न उठणारा. भुशी धरणावर जाणारे पाहुणे वरच्या खोल्यांत भरलेले. सकाळी मी पोह्यांचा कांदा चिरत होते, तर खालून गुडगुड असा आवाज आला, कुणीतरी मोठ्या गळ्याने चूळ भरावी तसा. पाठोपाठ वास. त्या वासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांना तो ठाऊक आहे.

तळघराचं दार उघडून वरूनच बघितलं. खालच्या फरशीवर काळं पाणी पसरलं होतं आणि संडासाच्या दारातून आणखी येत होतं. निलेश माझ्या मागून आले, बघितलं, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडायला लागले. पुरुषांचं हे असंच. संकट आलं की आधी पायजमा दुमडतात, विचार मागून. खाली आमचा जुना फ्रीज होता, पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या ठेवायला. तो त्या पाण्यात उभा राहून घरघरत होता.

मी त्यांचा दंड धरला. शहाणी आहे म्हणून नव्हे, भित्री आहे म्हणून. म्हटलं, वीज बंद केल्याशिवाय एक पायरी उतरायची नाही. नशिबाने आमचं मीटर आणि मेन स्विच वर ओसरीत, कोरड्या जागी आहे. त्यांनी जाऊन मेन पाडला. फ्रीजची घरघर थांबली, तेव्हा कुठे मी श्वास घेतला, आणि घेतल्याचा लगेच पश्चात्तापही झाला.

तेवढ्यात वर कुणीतरी फ्लश ओढला. आम्ही दोघं पायरीवर उभे, आणि खालचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत वर चढलं. वरचं सगळं खाली उतरत होतं आणि पुढे जायला वाट नाही म्हणून तळघरात येत होतं. मी तशीच वर धावले. दोन कुटुंबं होती पाहुण्यांची. त्यांना म्हटलं, जरा अडचण झालीय, नळ, बेसिन, संडास, काही म्हणजे काही वापरू नका. एका बाईंच्या तोंडात ब्रश होता. फेस आवरत त्यांनी खुणेनेच विचारलं की आता हे कुठे? मी खिडकीकडे बोट दाखवलं. आदरातिथ्याची माझी तेवढीच कुवत उरली होती.

समोरच्या हिरावहिनी आवाज ऐकून गच्चीत आल्या होत्या. त्यांचे यजमान सखारामभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं घर चढावर आहे आणि त्यांची ड्रेनेजची लाइन वेगळी. पाहुण्यांना आमच्याकडे पाठवा म्हणाल्या, आणि छत्र्या घेऊन ती वरात रस्ता ओलांडून गेली.

मी परत खाली आले तर तळघराच्या वरच्या पायरीवर सासूबाईंच्या चपला. व्यवस्थित, जोडीने काढून ठेवलेल्या. आणि त्या स्वतः पदर खोचून चार पायऱ्या खाली गेलेल्या, अनवाणी. पुढची पायरी पाण्यात होती.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्या घसरल्या असत्या. हळूच म्हटलं, "आई, वर या आधी."

"माजं भात हाय खाली."

"माहितीय. पण ते पाणी संडासातलं आहे. तुम्हाला साखर आहे, टाचांना एवढ्या भेगा पडल्यात. त्यातून काय काय आत जाईल."

"मग काय चपला घालून जाऊ? भातापाशी?"

एवढं बोलून त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू मी त्यांना देवघरात बूट घालून जायला सांगितलं होतं. मी दोन पायऱ्या उतरून त्यांचा हात धरला आणि वर आणलं. आल्या, पण हात सोडवून घेतला.

निलेश तोवर फोन लावत होते. त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता म्हणे, दोर बांधून चेंबरमध्ये उतरतो, हाताने घाण काढतो, लगेच येईल. मी म्हटलं की माणूस उतरवायचा नाही. आत वायू साठलेला असतो, उतरलेला वर येईलच असं नाही, आणि असं उतरवणं हा गुन्हा आहे. ते म्हणाले, अगं तो नेहमी उतरतो. हिरावहिनी तेवढ्यात चहाची किटली घेऊन आल्या होत्या. त्यांनी किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि निलेशकडे बघत उभ्या राहिल्या. निलेशनी फोन कानावरून काढला. मग दुसरा नंबर लावला, सक्शनच्या गाडीचा.

गाडी यायला वेळ लागला, रविवारची गर्दी होती. गाडीवर सत्यम नावाचा ड्रायव्हर होता आणि एक मदतनीस. सत्यमने उतरून पहिलाच प्रश्न विचारला, चेंबर कुठंय?

आणि आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघायला लागलो.

चेंबर होतं. घर बांधलं तेव्हा मी स्वतः बघितलं होतं. पण चार वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या गाड्यांसाठी निलेशनी सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. दारासमोर गटाराचं झाकण दिसलेलं बरं नाही, पाहुणे काय म्हणतील, म्हणून झाकणावरूनही ब्लॉक गेले. लाल आणि करडे, नक्षीचे. दिसायला फार सुरेख. निलेशनी आधी फाटकाजवळ बोट दाखवलं, मग तुळशीजवळ. मदतनिसाने पहारीने दोन्हीकडे ब्लॉक उचकटले. खाली नुसता मुरूम.

"तितं न्हाई," सासूबाई ओसरीतून म्हणाल्या. "जास्वंदीच्या अल्याड. परातीएवढी जागा हाय बग."

निलेशनी विचारलं, तुला कसं गं माहीत?

"तितं मी भात वाळवत न्हाई."

पहार तिथं लागली. चार ब्लॉक निघाले आणि खाली लोखंडी झाकण. मी ओसरीच्या खांबाला धरून ते बघत होते. इतक्या उन्हाळ्यांत मी ती मोकळी जागा बघितली होती.

सत्यमने सगळ्यांना मागे सरकायला लावलं. झाकण काढल्यावर लगेच वाकून बघायचं नाही, जरा मोकळं राहू दे म्हणाला. मग गाडीचा पाइप आत गेला आणि इंजिनाचा आवाज सुरू झाला. चेंबरच्या एका बाजूने मात्र स्वच्छ पाणी धो-धो आत पडत होतं. सत्यम ते बघून म्हणाला, "छपराचं पाणी हितं सोडलंय व्हय?"

निलेश आभाळाकडे बघायला लागले. छपराची पन्हळ पूर्वी अंगणात पडायची आणि पाहुण्यांच्या गाड्यांवर उडायचं, म्हणून ती चेंबरमध्ये जोडून घेण्याची युक्ती त्यांचीच. आमच्या आळीत बऱ्याच घरांनी तेच केलंय. पाऊस आणि संडास, दोघांनी एकाच वाटेने जायचं म्हटल्यावर दोघंही परत फिरले, त्यात नवल नाही. त्यांनी मुकाट्याने शिडी आणली आणि तो जोड सोडवला. पाणी अंगणात पडायला लागलं, पूर्वीसारखं.

दुपारपर्यंत तळघरातलं पाणी गेलं. खिडक्या बाहेरून उघडल्या. निलेशनी सृष्टीला फोन लावून माझ्या हातात दिला होता. ती तिकडून सांगत होती की रबरी हातमोजे, गमबूट, मास्क, यांच्याशिवाय आत जायचं नाही, आणि ज्यात ते पाणी मुरलंय ते टाकायचं, गादी, पुठ्ठा, काहीही. थोडं थांबून म्हणाली, "आणि आई, भात पण."

ते मला सांगायचं होतं, सासूबाईंना.

त्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सांगितलं. खालची पोती पाण्यात होती आणि वरच्यांनी खालच्यांतून ओल ओढून घेतली होती. मी खिडकीतून बघून आले होते, काळी रेघ पार वरच्या पोत्यापर्यंत चढली होती.

"वर टरफल हाय," त्या म्हणाल्या. "आतल्या दान्याला काय झालंय? धुवून घीन. वाळवीन. मग भरडायचं."

आषाढात वाळवणार कुठे, असं मी म्हणू शकले असते. पण ती पळवाट झाली असती. ऊन असतं तर काय उत्तर होतं माझ्याकडे? म्हटलं, टरफलाला फट असते. फुगलं की पाणी आत जातं.

"आन् खाचरात आमी काय घालतो? शेणच की. त्याच भाताला तुमी लय चव हाय म्हणता."

खरं होतं ते. म्हटलं, "शेण जमिनीला देता तुम्ही. जमीन ते पचवते, वर्षभर घेते. पोत्याला कुठे पोट असतं, आई?"

त्यांना ते पटलं नव्हतं असं नाही. पटून उपयोग नव्हता. खालचं भात फेकलं की खाचर दुसऱ्यांदा जाणार होतं, आणि या वेळी त्यांच्या हातून. पहिल्या वेळी निदान दुसऱ्यांनी सह्या केल्या होत्या.

"सृष्टीच्या लग्नात मान्सं काय म्हनतील," त्या म्हणाल्या. "दुकानातलं घातलं म्हनतील."

मी म्हटलं, "आई, झाकणावर एवढे सुंदर ब्लॉक बसले. वर काहीच दिसत नव्हतं. मी विसरले, यांना आठवेना. तुम्ही तरी तिथं भात का नाही पसरलात?"

"खाली काय हाय ते मला ठावं हाय ना."

बोलल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं नाही, जास्वंदीकडे बघितलं. मला जे सांगायचं होतं ते त्यांनीच बोलून झालं होतं.

थोड्या वेळाने त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि तळघराच्या दारापाशी गेल्या. त्यांच्या चपला तिथंच होत्या, सकाळी काढलेल्या. त्या चपलांकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं आता पुन्हा अनवाणी उतरतात की काय, आणि मी उठलेच. तर त्यांनी वळून न बघता हात मागे केला.

"ते बूट आन."

सृष्टी पावसात भटकायला जाते तेव्हाचे तिचे गमबूट होते घरात. मी ते आणून त्यांच्या पायांत घातले, लुगड्याचा काठ आत खोचला, हातमोजे चढवले. मास्क मात्र त्यांनी स्वतः बांधला. मग त्या भिंतीला धरून, बूट टाकत टाकत, खाली उतरल्या. ज्या खोलीत त्यांनी कुणालाही पायात घालून जाऊ दिलं नव्हतं, तिथं त्या बूट घालून उभ्या राहिल्या, तेव्हाच मला कळलं की ते आता त्यांच्या लेखी धान्य राहिलेलं नाही. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या एकेका पोत्याचं तोंड तपासून सुतळी घट्ट करत होत्या. बाहेर जाणारी लेक नीट आवरून द्यावी तसं.

जाड काळ्या पिशव्यांत पोती गेली. गादी गेली, पुठ्ठे गेले, मागच्या पाहुण्यांची विसरलेली एक छत्रीही गेली. वर वाहून नेताना एक पिशवी फाटकाजवळ फाटली आणि भात ब्लॉकवर सांडलं. निलेशनी झाडूने गोळा केलं, जमेल तेवढं, आणि वरून ब्लीचिंग पावडर भुरभुरली. मग आम्ही गाळ फावड्याने ओढला, साबणाच्या पाण्याने फरशी घासली, त्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून ठेवलं. संडासाचं ॲसिडही ओतू का, असं निलेश उत्साहाने विचारत होते. मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. ती दोन एकत्र झाली की जो वायू निघतो, त्याने सकाळचा वास बरा वाटला असता. वायरमन येऊन बघून जाईपर्यंत खालचे दिवेही लावले नाहीत.

आंघोळी हिरावहिनींच्या घरी झाल्या. सासूबाई इतक्या वर्षांत त्यांच्या ओटीच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या, त्यांच्या हातचं पाणीही कधी घेतलं नव्हतं. का, ते मी विचारलं नव्हतं आणि हिरावहिनींनीही कधी विचारलं नव्हतं, तरी आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्या दिवशी वहिनींनी गरम पाण्याची बादली भरून ठेवली, त्यांच्या टाचा साबणाने नीट धुतल्या आणि मलम लावलं. बाहेर आल्यावर सासूबाई त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायल्या. साखर घातलेला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

श्रावणात सृष्टी शनिवारी घरी आली. तोवर चेंबरवरचे ब्लॉक कायमचे निघाले होते, झाकण उघडं दिसत होतं, आणि पाणी उलटं येऊ नये असा व्हॉल्व्ह लाइनवर बसला होता. छपराचं पाणी वेगळ्या पाइपने नाल्याला गेलं होतं. पाहुणे झाकणाकडे बघून काहीही म्हणाले नाहीत. त्यांना भुशीला जायची घाई असते.

सृष्टी आजीजवळ बसली. म्हणाली, आजी, मी रजिस्टर लग्न केलं तर तुझं भाताचं टेन्शनच जाईल की.

"कर," आजी म्हणाली. "पर जेवाय घालशील का तसंच हाकलशील?"

लग्न हा शब्द तिच्या तोंडून प्रथमच निघाला होता. मी कान टवकारले, पण ती लगेच उठून फाटकापाशी गेली. ब्लॉकच्या फटींतून गवत आलं होतं, दाट, पोपटी. ते उपटायला ती वाकली.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "त्ये गवत न्हाई."

नव्हतंच. झाडूतून निसटलेलं भात, ब्लीचिंग पावडर जिथवर पोचली नाही तिथं, फटीफटींतून उगवून आलं होतं. वेडीवाकडी रांग, फाटकापासून थेट झाकणाच्या काठापर्यंत. वीतभर उंचीचं. सासूबाईंना ते बरेच दिवस माहीत असणार. पाहुण्यांच्या गाड्या अलीकडे फाटकाच्या डाव्या अंगाने का लावायला सांगतात, ते मला तेव्हा उमगलं.

त्या काठी टेकत तिथवर आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खायाचं न्हाई, मला ठावं हाय. दसऱ्याला तोरणात लोंब्या लावाय चालत्याल का?"

मी विचार केला. सृष्टीकडे बघितलं, तिने खांदे उडवले. म्हटलं, चालतील. पण हातमोजे घालून तोडायच्या.

"बरं," त्या म्हणाल्या.

मग त्या रोपांपाशी जायला निघाल्या आणि सवयीने चप्पल काढायला पाय उचलला. अर्धवट निघालेली चप्पल बोटांवर तशीच राहिली. त्यांनी एकदा झाकणाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि चप्पल परत घातली.